नव्या डोळ्याने पाहिलेली शेपटीवाली लिंबं

ती. ताईस,

एका नव्या आणि एका जुन्या डोळ्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का? माझा डावा मोतीबिंदू निघाला, आणि तुझ्या लेकीने माझं जे केलं ते पोटच्या पोरानेही केलं नसतं. (मला पोर नाही, आणि ही गेल्यापासून घरात माझा खोकलासुद्धा मीच ऐकतो.)

डोळ्याला पट्टी बांधलेल्या मामाला एकटं कसं ठेवायचं, म्हणून ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. उकळत्या झऱ्यांत आर्किया नावाचे सूक्ष्म जीव राहतात. त्यांना गाठणाऱ्या विषाणूंवर ती काम करते. (आपल्या वाटेला ते जात नाहीत, मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.) "मामा, कशाला हात लावू नका हं," असं बजावून ती कुठल्याशा बैठकीला गेली. मी हात धुवायला उठलो, तर शेजारच्या खोलीत चिटपाखरू नाही आणि गरम पाण्याची एक पेटी आपली घुरघुरते आहे! रिकाम्या खोलीत काही चालू दिसलं की बंद करायचं, हे आईने आपल्या हाडीमाशी भिनवलेलं. (म्हणजे निम्मा दोष तुझाही, तू मोठी.) मी बटण बंद केलं, वर झाकणही उघडून ठेवलं.

परत येऊन तिने पाण्यात बोट घातलं, तेव्हाचा तिचा चेहरा मला अर्ध्या नजरेनेही वाचता आला. दुसऱ्या दिवशी साहेबांना त्या पेटीतलेच विषाणू दाखवायचे होते.

"अहो मामा, त्यांना उकळीच्या जवळपासची ऊब लागते!"

"अगं, मला वाटलं, भाजतंय बिचाऱ्यांना."

ती हसली की रडली, ते पट्टीमुळे कळलं नाही. पण ओरडली नाही. पेटी तापत ठेवून तिने मला सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. ताई, काय ते आकार! कुणी बाटलीसारखा, कुणी थेंबासारखा, कुणी काठी, कुणी लांबच लांब दोरा. एकाची पिल्लं बाहेर पडताना यजमानाच्या, म्हणजे त्या आर्कियाच्या, अंगावर सात कोनांचा मनोरा उभा राहतो आणि पाकळ्यांसारखा उमलतो. आपण बाकावर उभं राहून चालीत म्हणायचो त्या कवितांत कमळ आणि भुंगा यांपलीकडे काही नव्हतं. त्या कवींना बिचाऱ्यांना हे कुणी दाखवलंच नाही.

पेटीतले मात्र नुसती लिंबं. "यजमानाचं घर सोडून हे बाहेर पडतात ना, मामा, त्यानंतर एकटे असतानाच यांना दोन्ही टोकांना शेपट्या फुटतात," ती म्हणाली. "फक्त ऊब पाहिजे." साहेबांची भेट पुढे ढकलली. पट्टी सुटली त्या दिवशी ती पडद्यापाशी ओरडली, "मामा, फुटल्या!" नव्या डोळ्याने मी पहिलं काही नीट पाहिलं असेल तर त्या शेपट्या. तुझ्या लेकीचे उपकार कसे फेडू? भुजंगप्रयातात एक कविता रचतो आहे, तूर्त तेवढंच.

तुझा धाकटा

ता. क. उजव्या डोळ्यालाही हल्ली अंधुक दिसतं. तोही होईपर्यंत इथेच राहिलो तर चालेल का, हे तूच तिला विचार. ते बटण आठवलं की माझी जीभ उचलत नाही.

ता. क. २. उजवा डोळा ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणतात. हे तिला सांगू नकोस.

ता. क. ३. आई, अक्षर ओळखलंसच. डोळ्याला ताण नको म्हणून मामा सांगतात आणि मी लिहिते. 'तिला सांगू नकोस' हेसुद्धा मीच लिहिलं. राहू देत इथेच. सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली आहे.