विगच्या पुढच्या बटा

सूनबाई,

विग टोचतो म्हणालीस, तेव्हा मी "होईल सवय" म्हणून मोकळी झाले. आज तू दवाखान्यात गेल्यावर मीच घालून पाहिला. कानामागची शिवण करवतीसारखी लागली. तिथे मखमलीची पट्टी शिवली आहे, मागचा हूकही सैल केलाय. आतून घालायची सुती टोपी तुझ्या उशीवर आहे.

पण विग डोक्यावर असतानाच मी उतू जाणाऱ्या दुधाकडे धावले. गॅसच्या धगीने पुढच्या बटा आखडल्या. पार्लरवालीला दाखवायला घेऊन गेले आहे. खरं तर तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

संध्याकाळी माझ्या मैत्रिणींसमोर विग घालून बस, असं मीच सांगितलं होतं. नको. उघड्या डोक्यानेच बस. विग धड असता तरी हे लिहिलं असतं का, ते मात्र मलाच सांगता येत नाही.

आई