व्याह्यांसमोर घालायचे बूट

३ डिसेंबर २०१७, रविवार
मंजिरीची पसंती झाली. मुलगा पराग, नागपूरचा. मुलाचे वडील नरहरराव, रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर. चहा घेताना त्यांनी विचारलं, तब्येत छान ठेवलीत, काय करता? तोंडातून निघून गेलं, माउंटन बायकिंग. कुठे? म्हटलं, इथंच रायपुरात, तेलीबांध्याच्या पुढच्या डोंगरात. बायकोला, पूर्णिमाला, ठसका लागला. नरहरराव एकदम खूश. म्हणाले, मीही सायकलवालाच, साखरपुड्याला येताना सायकल घेऊनच येतो.
मी खोटं बोललो नाही. उद्यापासून करणार ते आज सांगितलं, इतकंच. साखरपुडा वसंत पंचमीला. भरपूर वेळ आहे.
पाहुणे गेल्यावर मंजिरीनं विचारलं, बाबा, आपने लास्ट साइकिल कब चलाई थी? बोचरं बोलायचं असलं की पोट्टी हिंदीत शिरते.

५ डिसेंबर
ऑफिसातल्या हिरालालची गिअरवाली सायकल घेतली. त्याचा मुलगा बंगलोरला गेल्यापासून पडूनच होती. पेडल सपाट, वर बारीक खिळ्यांसारखे दाणे. पाय घसरू नये म्हणून.
प्रॅक्टिस उद्यापासून.

६ डिसेंबर
प्रॅक्टिस पुढे ढकलली. इंटरनेटवर वाचलं की सपाट पेडलला बूटही तसलाच लागतो. तळवा सपाट, रबर मऊ, नक्षी उथळ. धावायचे बूट चालत नाहीत, त्यांची गादी फार जाड. चुकीच्या बुटात प्रॅक्टिस म्हणजे चुकीच्या सवयी. आधी बूट, मग सायकल.

९ डिसेंबर
परदेशी बूट पाहिले. किंमत पाहून कंप्यूटर बंद केला.
पूर्णिमाचा निकाल: साखरपुड्याच्या बजेटात माझ्यासाठी एकच जोड आहे. तोच मंगल कार्यालयात घालायचा आणि तोच तुमच्या त्या डोंगरात. रंग काळा.
अडचणीतूनच माणूस घडतो. स्वस्त, काळा, सपाट, मऊ. शोधू.

१० डिसेंबर, रविवार
शास्त्रीय प्रयोग. पेडलवरचे दाणे आणि स्वयंपाकघरातली किसणी, तत्त्व एकच. किसणी जमिनीवर ठेवली, जुने बॅडमिंटनचे बूट घालून वर उभा राहिलो. पकड अप्रतिम. पाय उचलला तर तळवा किसणीवरच राहिला. डिंक वाळला होता.
पूर्णिमा गाजरं धुऊन आली. म्हणाली, हे काय करून राहिले तुम्ही, आता मी हलवा कायनं किसू? म्हटलं, धुऊन घे. त्यावर ती जे बोलली ते लिहीत नाही.
गाजराचा हलवा रद्द.

१७ डिसेंबर, रविवार
किसणी मिळणं बंद, म्हणून डावं पेडलच काढून दुकानात न्यायचं ठरवलं. निघता निघेना. रागानं उलट्या बाजूला पाना फिरवला तर लगेच निघालं. विचित्र सायकल आहे.
चार दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी पेडल फरशीवर ठेवून, बूट घालून वर उभं राहायचं. एका सेल्समननं आदरानं विचारलं, अंकल, डॉक्टर ने बोला है क्या? शुगर में करते हैं क्या ऐसा? त्याला समजावत बसलो नाही. चौथ्या दुकानात स्टूल दिलं, पाणी दिलं आणि माझ्या समोरच मालकानं शटर अर्धं ओढलं.

२४ डिसेंबर, रविवार
मिळाले! पोट्टे चाकाच्या फळीवर उभे राहून घसरतात, त्या खेळाचे बूट. काळे, तळवा भाकरीसारखा सपाट. रायपुरात हा खेळ कुणी खेळत नाही, म्हणून सेलमध्ये निम्म्या किमतीला. पेडलवर उभा राहिलो, कमरेतून वळलो, बूट तसूभर हलला नाही. डोळ्यांत पाणीच आलं.
घरी येऊन पेडल परत लावलं. नेहमीसारखं उजवीकडे फिरवून आवळलं. जाईना. दोन हातोडे घातले. कर्र असा आवाज आला, म्हणजे घट्ट बसलं.
आता प्रॅक्टिस.

२ जानेवारी २०१८
धुकं.

७ जानेवारी
बूट पायाला सवयीचे करणं चालू आहे. ऑफिसातून आलो की घालून टीव्हीसमोर बसतो. पूर्णिमानं फरशी पुसली की पाय वर घ्यायचे, हाही व्यायामच.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन सायकलवर बसणं बरं दिसत नाही.
खरं लिहायचं तर भीती वाटते. उद्या मी खोटा पडलो तर मंजिरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. पण बूट आहेत. बूट पाहून तरी कुणी शंका घेणार नाही.

२० जानेवारी, शनिवार
नागपूरची मंडळी आली. गाडीच्या मागे सायकल बांधलेली. नरहररावांच्या पायात साध्या चामडी सँडल. मला कीव आली. सपाट पेडलबद्दल माणसाला काहीच माहिती नाही. त्यांनी माझे बूट बराच वेळ पाहिले आणि आपले पाय खुर्चीखाली घेतले.

२१ जानेवारी, रविवार
डावा हात ठीक, डावा पाय सुजला. क्रमानं लिहितो.
तेलीबांधा सोडून मुरमाच्या कच्च्या वाटेला लागलो. मी पुढे. नरहरराव मुद्दाम फार मागे राहिले, मुलीच्या बापाचा मान ठेवतात. पुढे खोदकामाच्या मुरमाचा ढिगारा. त्यालाच मी डोंगर म्हटलं. चढलो. (ढकलत.) उतारावर डाव्या पायावर भार दिला आणि पेडल सायकलपासून सुटून बुटाला चिकटूनच आलं. सायकल एकटी पुढे गेली. मी बेशरमाच्या झुडपात.
नोंद: बुटानं शेवटपर्यंत पेडल सोडलं नाही. निवड शंभर टक्के बरोबर.
नरहरराव सायकल टाकून धावत आले. म्हणाले, काहून घाबरता, मी आहो ना. मला ओढताना त्यांच्या सँडलचा पट्टा तुटला. मग पेडल हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, हे कोणी बसवलं? डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचं. म्हटलं, मेकॅनिक नवा होता.

२२ जानेवारी, वसंत पंचमी
साखरपुडा छान झाला. माझा पाय बुटात जाईना. पूर्णिमाची निळी स्लिपर घालून फोटोला उभा.
व्याही अनवाणी कसे राहतील, असं म्हणून पूर्णिमानं मला न विचारता मानपानाच्या ताटात शालीवर माझे बूट ठेवले. त्यांना अगदी मापात बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फार वाईट वाटलं.

२८ जानेवारी, रविवार
मंजिरीकडून कळलं, परागनं आपल्या वडिलांबद्दल सांगितलं म्हणे: अंकल की साइकिल पड़ोसी की थी. माझी बढाई ऐकून ते डिसेंबरभर गुपचूप शिकत होते. माझे बूट पाहून तर त्या रात्री जेवलेही नाहीत.
थोडं बरं वाटलं. तेवढ्यात त्यांचाच फोन. बूट झकास आहेत, रोज फिरायला घालतात. सगळे विचारतात, हे कसले बूट? मग ते सांगतात, माउंटन बायकिंगचे. रायपूरच्या डोंगरात व्याही दरीत पडले होते, हेच बूट घालून त्यांना वर काढलं.
म्हणणार होतो, बूट तेव्हा माझ्या पायात होते. म्हणणार होतो, रायपुरात कसली दरी आणि कसला डोंगर?
पण डोंगराचं त्यांना मीच सांगितलं होतं. म्हटलं, हव, फार खोल होती.