एक दिवस तो, एक दिवस मी

बेटेगाव, बोईसर
२२ सप्टेंबर २०२४

सौ. सुगंधाताईस,

ज्ञानेशचा नमस्कार. दाजींची पाठ आता कशी आहे? सोयाबीन यंदा बरं आहे असं कळलं. इकडे पाऊस ओसरलाय. कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे. माझ्या नि पुंजारामच्या खोलीच्या मालकीण प्रेमलाकाकू तुमची चौकशी करतात.

तुमचं पत्र येऊन महिना होत आला. तुम्ही विचारलंत, गावातली राहीबाई हाच एचआयव्हीचा आजार घेऊन पंधरा वर्षं शेतात राबते, मग माझा भाऊ पुंजाराम वर्षाच्या आत कसा गेला?

डॉक्टर म्हणाले, निदान उशिरा झालं. रोगाशी लढणाऱ्या पेशी आधीच फार कमी उरल्या होत्या. त्यात टीबी, त्यात दारू, त्यात पोटाला धड अन्न नाही. अशा माणसाला हा आजार लवकर खाली ओढतो.

एवढंच लिहिलेलं एक पत्र गेल्या आठवड्यात तयार होतं. ते मी फाडलं.

तेराव्याला तुमचे काका म्हणाले, "सरकारी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या असतील त्यानं. दारुड्याला कसली शुद्ध!" मी पंगतीत होतो. मान खाली घालून जेवलो.

ताई, पुंजारामनं एकही गोळी टाकली नाही. निम्म्या मी खाल्ल्या.

गेल्या दिवाळीत त्याचा आजार कळला, तेव्हा मीही गुपचूप खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. मलाही तेच निघालं. आम्ही दोघं कुठे कुठे जायचो ते तुम्हाला लिहवत नाही. वर्षाराणीशी माझं लग्न ठरलेलं होतं, आणि तिचा चुलतभाऊ या गोळ्या मिळतात त्याच सरकारी दवाखान्यात कामाला. तिथे माझं नाव लागलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी पुंजारामकडे त्याच्या गोळ्या मागितल्या. त्यानं देऊ केल्या नव्हत्या, मी मागितल्या.

तो हसला. "घे की. एक दिवस मी, एक दिवस तू. तुझं लगीन होईपर्यंत काय मरत नाय मी."

उन्हाळ्यातलं लग्न पुढे गेलं. आमची वाटणी चालूच राहिली. तो वाळत चालला. प्रेमलाकाकू मला म्हणायच्या, "अरे, त्याच्या अंगाला काय लागतच नाय. नीट औषध घेतो ना तो?" मी म्हणायचो, घेतो.

जूनमध्ये तपासणीला मी बरोबर होतो. तिथल्या मॅडमनी रिपोर्ट पुढे ठेवला. "विषाणू वाढलेत. गोळ्या चुकवता का?"

"नाही मॅडम. रोज घेतो," पुंजाराम म्हणाला.

"खरं सांगा. मधेमधे सोडलं की औषध लागू पडत नाही. तुमच्यासारख्याला हे परवडणारं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी शेजारच्या खुर्चीत होतो. एका वाक्याचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मी गोळी घेतली.

ताई, मला सगळ्यात जास्त छळतो तो हा दिवस. तोवर कळत नव्हतं असं म्हणता येईल. त्या दिवशी कळलं होतं. महिन्याभरात त्याला दवाखान्यात हलवलं, तो परत खोलीवर आला नाही.

आता मी पालघरला माझ्या नावानं कार्ड काढलंय. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रोज घेतल्या असत्या तर वाचलाच असता, असं मी सांगू शकत नाही. पण त्याला संधी होती." वर्षाराणीलाही खरं सांगितलं. चार दिवसांनी तिच्या वडिलांनी अंगठी परत पाठवली. बरंच झालं. तिलाही मी फसवणारच होतो.

हे पत्र काकांसमोर मोठ्यानं वाचा. माझं नाव गाळू नका. पुंजाराम प्यायचा, हे खरं. पण मरेपर्यंत त्यानं माझं नाव तोंडातून काढलं नाही, हेही लोकांना कळू दे.

दसऱ्याला त्याच्या सामानाची पेटी घेऊन येईन. मला घरात घ्यायचं की पेटी ठेवून दारातूनच परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवा. माफी मागायची माझी हिंमत नाही.

तुमच्या भावाचा अपराधी,
ज्ञानेश