निळं गाणं

बालाघाट, १९६८

वसंताच्या बाबाले शेवंताचा जयभीम.

तुम्ही जाऊन महिना होत आला. तुमची गिटार खुंटीले टांगून हाय, मी शिवलेल्या निळ्या पिशवीत. रेल्वेच्या अँग्लो-इंडियन गार्डसाहेबानं तुमाले ते दिली, वाजवाले शिकवलं अन् सांगितलं, या गाण्याले ब्लूज म्हणतात. ब्लू म्हणजे निळा, एवढं तुमाले माहीत होतं. घरी येऊन तुम्ही म्हणाले, "शेवंते, साहेबाच्या मुलखातबी निळं गाणं हाय. आपल्या झेंड्याचं!" तवापासून वार्डात सारे त्याले निळं गाणंच म्हणत.

काल वसंता कॉलेजातून आला अन् पिशवी पाहून हासला. म्हणे, "माय, ब्लूज मतलब दुःख. बाबाले कोणी सांगितलंच नाही."

मले सीता आठवली. आपली लेक गेली त्या दिवशी तुम्ही तिच्या खाटेपाशी बसून निळं गाणं वाजवलं. मले वाटलं, तुम्ही तिले शेवटचा जयभीम करून राह्यले. म्हणून मी डोळे पुसले अन् झेंड्यासमोर उभी राह्यते तशी ताठ उभी राह्यली. तुम्ही माह्याकडं पाहत होते अन् वाजवत होते.

तुमाले मतलब माहीत होता, हौ ना? मंग मले काहून नाही सांगितला? तवा दोघं मिळून रडलो असतो. आता मले एकटीलेच रडा लागून राह्यलं, लेकीसाठीबी अन् तुमच्यासाठीबी.

तुमची,
शेवंता