अडसर चार खांद्यांचा

चिंचगाळी,
ता. ४ ऑगस्ट १९१३

चि. नागोजी यास रुक्माक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. आप्पांची कंबर धरली आहे, भातलावणी उरकली. शेजारचा मष्णू तंबाखूच्या गाडीबरोबर निपाणीला गेला होता, तो तुमच्या कंपनीचा खेळ पाहून आला. शालू नेसून, नथ घालून तू इतका देखणा दिसतोस म्हणे, की घरात मीच काळी निघाले. असो, भावाचं रूप बहिणीने सोसायला हवं.

पण पुढचं ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. नाटक आपल्याच गढीचं, आणि तू झालास किल्लेदारीण राजाबाई. ती सोन्याच्या पाटल्यांसाठी एका हाताने दाराचा अडसर काढते आणि इंग्रजांना आत घेते! अरे, तो अडसर आपल्या देवळात आहे. दसऱ्याला तो मिरवायला गढीच्या पहारेकऱ्यांच्या चार घरांतले चार गडी खांदा देतात, तेव्हा कुठे तो हलतो. चौथा खांदा आपल्या घराचा. आप्पांना यंदा जमणार नाही, म्हणजे तो तुझा. हे कसं विसरलास?

उत्तर लगेच धाड. लोभ आहेच, पण आज राग त्याच्या डोक्यावर बसलाय.

तुझी आक्का


निपाणी,
ता. ११ ऑगस्ट

ती. रुक्माक्कास नागोजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र कसलं, निखाराच धाडलास. चूक माझी नाही गं. मालकांनी आधी तोफांचा प्रवेश लिहिला होता, पण त्याला कचेरीची मंजुरी मिळेना. गोऱ्यांच्या तोफा आपल्या दारावर चालताना दाखवायच्या नाहीत, असा हुकूम. मग दार उघडायचं कसं? आतून. शिवाय मालक म्हणतात, लोकांना हार पटत नाही, फितुरी पटते. ते खोटं नाही. मी अडसर काढतो तेव्हा स्वस्त तिकिटाच्या पिटातली माणसं दात-ओठ खातात. नाटक म्हणजे इतिहास नव्हे, आक्का. थोडं तिखटमीठ लागतंच.

सप्टेंबरात आमचा मुक्काम बेळगावला आहे. स्वतः येऊन पाहा, मग शिव्या दे. आप्पांना हे पत्र वाचून दाखवताना जरा गाळून वाच.

तुझा नागोजी


चिंचगाळी,
ता. २० ऑगस्ट

चि. नागोजी यास आशीर्वाद.

एक अक्षर गाळलं नाही. मीठ म्हणून विष घालता होय रे? हरलो हे खरं. त्यांच्याकडे तोफा होत्या, आपल्याकडे लाकूड. त्यात लाज कसली? आणि कचेरीने मंजुरी का दिली ते तुला कळत नाही? आपणच आपल्याला विकलं असं आपल्याच पोरांनी घोकावं, एवढंच त्यांना हवं आहे.

अडसर मधोमध तडकलेला आहे, लोखंडी पट्टीने आवळलेला. त्या तड्यात बोट अडकलं म्हणून लहानपणी तू गाव डोक्यावर घेतलं होतंस. काढून ठेवलेला अडसर असा तडकतो का? तो दारातच होता, म्हणून तोफेने फुटला.

आप्पा म्हणाले, की जे तोंड राजाबाईला फितूर म्हणंल, त्याचा खांदा अडसराला लागणार न्हाय. मी मात्र गप्प बसले नाही. रवळू गुरवाकडून देवीचा कौल घेतला, तो उजवा मिळाला. मष्णू आणि तीन गडी अडसर गाडीत घालून बेळगावला येतील. लोकांदेखत एका हाताने काढून दाखव. आप्पांना सोडून मला येता येत नाही.

तुझी बहीण राहू की नको, ते कळव.

रुक्मा


बेळगाव,
ता. १६ सप्टेंबर

ती. आक्कास सा. न.

गाडी मच्छे गावाजवळ चिखलात रुतली, म्हणून खेळ अर्धा झाल्यावर मष्णू पोचला. अंक संपून पडदा पडला तसा मी रंगवलेला अडसर बाजूला सारून खरा दाराशी ठेवायला लावला. मालक तेव्हा तिकिटाच्या खिडकीशी होते.

पडदा वर गेला. मी एक हात लावला. मग दोन्ही लावले. तो हलेना, आणि खरं सांगतो, मलाही तो हलायला नको होता. आतून संवाद सांगणारा ओरडून दमला. मी तड्यात बोट घातलं आणि लोकांना सांगितलं, की हा चिंचगाळीचा अडसर आहे, राजाबाईने तो काढला नाही, तोफेने फोडला. बाहेर इंग्रज झालेला शामू बिचारा दार ठोठावत होता. त्याला म्हटलं, तोफ आण. लोक आधी हसले, मग सगळं पीट उभं राहिलं. मी शालूत उभा रडत होतो.

पुढच्या खुर्चीवरच्या फौजदाराने खेळ बंद केला. मालकांनी मला काढून टाकलं. मंजुरीबाहेरचं बोललो म्हणून येत्या सोमवारी कोर्टात हजर व्हायचं आहे. तिथेही हेच सांगेन, शब्द बदलणार नाही. नथ कंपनीची होती, परत केली. लांब केस तेवढे माझे आहेत, तेही कापून घरी येईन म्हणतो. आप्पा दारात घेतील का?

तुझा, असलो तर, भाऊ
नागोजी


चिंचगाळी,
ता. १९ सप्टेंबर

चि. नागोजी यास उदंड आशीर्वाद.

मष्णूने अडसर सुखरूप देवळात आणला. केस कापू नकोस. गावातल्या बाया विचारतात, राजाबाई कधी येणार. आप्पांनी तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. मग अडसराखाली खांद्यावर घ्यायची घोंगडी पेटीतून काढून स्वतः उन्हात टाकली.

कोर्टात ताठ उभा राहा. तुला दसऱ्याआधी आत टाकलंच, तर मष्णू तुझ्या जागी खांदा द्यायला तयार होता. आप्पांनी त्याला नको म्हटलं. अडसराला तिघेच लागतील. तो हलणार नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. नाही हलला तर देवळातच राहील, आणि का राहिला ते आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू.

तुझीच आक्का