पॉट फिरवायला माणसं भरपूर

७ मार्च २००४, रविवार. सकाळ

घर्र, घर्र, खड्ड. घर्र, घर्र, खड्ड.

पहाटे हा आवाज स्पष्ट ऐकू आला. आइस्क्रीमचा पॉट! शुभंकर लहान असताना मे महिन्यातला एक तरी रविवार आमच्या गॅलरीत या आवाजाचा असायचा. लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ, मधे डबा, डब्यात आटवलेलं दूध आणि आंब्याचा रस. एकाने दांडा फिरवायचा, एका पोराने गोणपाट टाकून वर बसायचं, बाकीच्यांनी आपला नंबर कधी म्हणून भांडायचं. ही सारखी झाकण उघडायची आणि जाहीर करायची, अजून लस्सीच आहे.

उठून गॅलरीत गेलो. सोसायटीचा पाण्याचा पंप. बेअरिंग गेलंय. तरी संकेत तो संकेतच.

ठरलं. यंदा पॉट आणायचा. आजच्या पुरवणीत पानभर जाहिराती: कुटुंबासह सिंगापूर, कुटुंबासह बँकॉक. कुटुंबाला आनंद व्हायला विमान कशाला लागतं? पॉट, टेकडी, थोड्या कविता. पाडवा रविवारीच आलाय, २१ तारखेला. शुभंकर, सूनबाई पूर्णिमा, नातू अभिनव, शिवाय शुभंकरचे ऑफिसातले मित्र. दहा-बारा माणसं सहज.

संकल्प. एक, रोज सकाळी पर्वती. दोन, शुभंकरला आपण होऊन फोन करायचा नाही; मुलांना ओढ वाटली पाहिजे. तीन, विहीणबाईंविषयी वाईट लिहायचं नाही, रोजनिशीतसुद्धा.

८ मार्च

पर्वतीला निघालो. चौकातली रहदारी बघून ओंकारेश्वरालाच जाऊन बसलो. पर्वती अगदी उलट्या दिशेला आहे, पण चालणं ते चालणंच.

रात्री शुभंकरला फोन केला. हा संकल्पात धरायचा नाही, कारण ते निमंत्रण होतं. शुभंकर हिंजवडीत, मीटिंगमध्ये. रात्री साडेआठला मीटिंग! तेव्हा अमेरिकेत सकाळ असते म्हणे. मग अमेरिकेने जरा लवकर उठावं. पूर्णिमा फोनवर आली. पॉटचं सगळं सविस्तर सांगितलं. म्हणाली, बघू बाबा. कंप्युटरवाल्यांच्या भाषेत 'बघू' म्हणजे 'हो'.

१३ मार्च, शनिवार

आठवडाभर फोन वाजला नाही. लाइन खराब असणार. ऑफिसात तक्रार नोंदवली होती, आज माणूस आला. संपत नाव. त्याने खालून कुणाला तरी रिंग द्यायला सांगितली. फोन असा खणखणला की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. संपत म्हणाला, काका, लाइन एकदम ओके आहे. म्हटलं, मग वाजत का नाही? तो म्हणाला, कुणी केला तर वाजेल ना.

सरकारी खात्यात हल्ली कौशल्य राहिलं नाही. पुन्हा तक्रार नोंदवणार.

१६ मार्च

पाडव्याचा आराखडा पूर्ण. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर उभा राहिलेला माणूस आहे मी, धरणं कागदावर उभी केली, एका रविवारचं काय. ट्रेसिंग पेपरवर गॅलरीचा नकाशा. पॉट मध्यभागी. फिरवणाऱ्यांची रांग डावीकडे, दमलेल्यांसाठी सतरंजी उजवीकडे. सांडलेलं पाणी मोरीकडे नेण्याचा उतार बाणाने दाखवलाय.

मधल्या वेळात काव्यवाचन. शाळेतल्या वसंताच्या कविता मला सगळ्या पाठ आहेत, पण अभिनवसाठी नवी केली:

वसंत आला, कोकिळ बोले,
मोहर लेवुन आंबा डोले,
पॉटामधुनी गारवा ये,
नातू माझा हर्षित होये!

शेवटची ओळ पुन्हा बघायची. बाकी चाल झकास बसते. जिन्यात खालचे बापूराव भेटले, त्यांना म्हणून दाखवली. शेवटपर्यंत ऐकली, मग म्हणाले, छान. मुलगा येणार ही बातमी आम्ही संक्रांतीपासून ऐकतोय, आता तिला चालही लागली.

बापूरावांना काव्याचं अंग नाही. तरी थांबून ऐकतात.

२१ मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली. एकट्याने काठी धरायची आणि एकट्यानेच तांब्या बसवायचा म्हणजे थोडी सर्कस होते. तांब्या दोनदा पडला. दुसऱ्यांदा बापूरावांच्या गॅलरीत. त्यांनी वर आणून दिला आणि शुभेच्छा दिल्या, म्हणाले, नवीन वर्ष डोक्यात पडलं.

दहाला शुभंकरचा फोन. बाबा, सॉरी, रिलीज आहे, दुपारपर्यंत लॅपटॉपसमोरून हलता येणार नाही. नंतर पूर्णिमाच्या आईकडे जाऊ, ते जवळ पडतं.

बाणेरहून कर्वेनगर जवळ आणि शनिवार पेठ लांब! नकाशे काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगतोय. पण मी शांतपणे म्हटलं, अरे बरंच झालं, मार्चमधला आंबा आंबटच असतो, मीच पुढे ढकलणार होतो.

म्हणजे पॉट मी पुढे ढकलला. याची नोंद असावी.

विहीणबाईंविषयी, म्हणजे सुशीलाबाईंविषयी, काही लिहिणार नाही. त्या कर्वेनगरला एकट्या असतात, त्यामुळे मुलांना धरून ठेवायला त्यांना वेळच वेळ. एवढंच. अभिनवच्या बारशाला मी केलेल्या पाळण्याचं चौथं कडवं चालू असताना याच बाईंनी 'जेवणं गार होतायत' म्हणून पानं मांडायला घेतली होती. एकूण कडवी अकरा. तेव्हापासून आमचं बोलणं 'कसे आहात, बरे आहात' एवढंच. मी ते कधीच मनावर घेतलं नाही.

श्रीखंड सहा जणांचं आणलं होतं.

२४ मार्च

श्रीखंड संपलं. पोट बिघडलं. पर्वती आठवडाभर बंद.

४ एप्रिल, रविवार

आजही ती मंडळी कर्वेनगरला. मागच्या रविवारीही. संध्याकाळी पूर्णिमाने सांगितलं, रविवारी आईकडेच असतो बाबा, तिलाही कंपनी होते. बरोबर आहे. मला कंपनीची गरज नाही, माझ्याकडे कविता आहेत.

दुपारी कोकिळ अखंड ओरडत होता. पुस्तकात तो गातो. प्रत्यक्षात तो एकच प्रश्न वरवर चढवत नेतो, आणि पलीकडून कुणी उत्तर दिलं नाही की थोडा थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून. मी गॅलरीतून एकदा उत्तर दिलं. खालून बापूरावांनी विचारलं, काही लागलं का?

८ एप्रिल

बाणेरला फोन केला (संकल्पाबाहेरचा; अभिनवच्या परीक्षेची चौकशी). अभिनवनेच उचलला. म्हटलं, काय रे, रविवारी मज्जा असते ना? म्हणाला, नाही आजोबा, रविवारी बाबा झोपतो. आई पण झोपते. मी कार्टून बघतो, आवाज बंद करून.

वा! विहीणबाईंच्या घरी जाऊन झोपा काढतात! जेवायला घालत असतील तुडुंब, वर आमरस. मग दुसरं काय होणार. अशाने मुलं आळशी होतात. माझ्याकडे आली तर जागी राहतील.

कविता म्हणून दाखवली. अभिनव म्हणाला, पॉट म्हणजे काय? समजावून सांगितलं. म्हणाला, पण आइस्क्रीम तर खालच्या शॉपमध्ये मिळतं.

हा मुलगा तातडीने वाचवला पाहिजे.

१७ एप्रिल

उद्यावर ढकललेला पॉटही रद्द. शुभंकर बंगलोरला. हे मला गृहीतच होतं, म्हणून तर दूध सांगितलं नव्हतं. (दोन लिटर सांगितलं होतं. बासुंदी करीन.)

१८ एप्रिल

बासुंदी लागली. करपट वास अजून घरात आहे. ही असती तर म्हणाली असती, दूध आटवताना कविता करत बसू नये. खिडक्या उघड्या टाकून बसलो. हिच्या फोटोला सांगितलं, तुझ्या वेळचं भांडं जाड होतं.

२४ एप्रिल, शनिवार

शुभंकरचा फोन! आपण होऊन! बाबा, दोन मेचा रविवार नक्की. हवं तर लिहून ठेवा.

लिहून ठेवतो: नक्की.

लगेच कसबा पेठेत गेलो. तिथे इम्तियाजभाईंचं भाड्याने भांडी देण्याचं दुकान. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून पॉट आम्ही तिथूनच आणायचो. पॉट माळ्यावर होता, खाली काढून झटकला. दांडा जाम. म्हणाले, तेलपाणी करून देतो काका, दोन वर्षं कुणी मागितलाच नाही. फिरवायला माणसं आहेत ना? एकट्यादुकट्याचं काम नाही.

म्हटलं, भरपूर.

म्हणाले, मग आम्हालाही थोडं ठेवा. मुलीला, जिनतला सांगतो, तिने लहानपणी खाल्लंय ते, आता तिची पोरं विश्वास ठेवत नाहीत. म्हटलं, अहो, जरूर. म्हणजे माणसं अजून वाढली. नकाशात रांग लांबवली.

१ मे, शनिवार

तयारी चोख. हापूस पिकलेत, सगळ्या घराला वास आहे. सतरंजी झटकली. ट्रेसिंग पेपर गॅलरीच्या दाराला लावला. कविता सुधारली, आता 'नातू माझा दांडा पेले'. यमक बरोबर, अर्थ मुलांना हळूहळू कळेल.

पोरांसाठी भोवरा आणि त्याला गुंडाळायची जाळी घेतली. पोरांसाठी म्हणजे अभिनवसाठी. मीही एकदा फिरवून बघितला. फरशीवर छान फिरतो. बापूरावांनी खालून काठी ठोकली.

२ मे, रविवार. सकाळी

इम्तियाजभाईंनी पॉट स्वतः स्कूटरवर आणून तिसऱ्या मजल्यावर चढवला. बर्फ, मीठ, गोणपाट सगळं आलं. आत डोकावून म्हणाले, माणसं अजून झोपलीत वाटतं? म्हटलं, रस्त्यात आहेत.

दूध आटवलं. या वेळी कविता केली नाही. लागलं नाही.

साडेअकरा

पूर्णिमाचा फोन. बाबा, खूप सॉरी. आईला बरं नाहीये. ताप आहे, चक्कर येतेय. आम्ही सगळे तिच्याकडेच आहोत, आज तिला सोडून निघता येणार नाही.

म्हटलं, अगं, मग बरोबरच आहे. माझ्या पॉटचं काय एवढं. नीट बघा त्यांच्याकडे. डॉक्टरांना दाखवलंत का? पूर्णिमा म्हणाली, हो, म्हणजे, दाखवतो. मागे अगदी शांतता होती. पेशंट झोपला असणार.

फोन ठेवला आणि मनाला लागलं. महिनाभर बाईंविषयी काय काय लिहून ठेवलं मी! एकटी बाई, त्यात ताप. आपलं जेवण गार होऊ नये एवढीच बिचारीची इच्छा होती. बारशाच्या दिवशी खरं तर अकरा कडवी जास्तच होती. सात पुरली असती.

एक

बर्फ वितळतोय. इतक्या वस्तू वाया कशा घालवायच्या? तापात घशाला गार बरं वाटतं. आइस्क्रीम करायचं आणि रिक्षाने कर्वेनगरला घेऊन जायचं. सगळे तिथेच आहेत. म्हणजे पॉटचा कार्यक्रम होणारच, फक्त स्थळ बदललं. नकाशा तेवढा बदलावा लागेल.

अडीच

एकट्याने पॉट फिरवण्याची पद्धत: दांडा फिरवला की बादली फिरते. बादली धरली की दांडा राहतो. पायांत धरली की बर्फ पायांवर येतो. पॉट गॅलरीतून सुरू झाला, आता स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलाय. मी मागोमाग.

पाणी मोरीकडे गेलं नाही. नकाशातला उतार बरोबर होता, गॅलरीचा चुकलाय.

बापूराव वर आले. आधी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, अहो, आमच्या गॅलरीत खारं पाणी गळतंय. समुद्र आणलात काय माहेरपणाला? म्हटलं, आइस्क्रीम करतोय, विहीणबाई आजारी आहेत. म्हणाले, मुलगा? म्हटलं, तिकडेच आहे, सेवेला.

बापूरावांनी धोतर वर घेतलं, बादली घट्ट धरली, म्हणाले, फिरवा. कंबर धरेपर्यंत धरली. धरली लवकरच. जाताना म्हणाले, घट्ट झालं की वाटीभर खाली पाठवा, आमच्या तुळशीचं सांत्वन करायला.

साडेचार

अजून लस्सीच आहे.

हात दुखतायत. पण रंग सुंदर आलाय. लस्सीसुद्धा तापात चालते. बरणीत भरतो, शर्ट बदलतो, निघतो. बाईंना म्हणणार, कशा आहात हे आज मनापासून विचारतोय. शुभंकर म्हणेल, बाबा, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात. अभिनव बरणी उघडेल. अशी संध्याकाळ होणार.

पाच

शर्टाची बटणं लावताना बेल वाजली.

पुन्हा बापूराव म्हणून दार उघडलं. सुशीलाबाई!

एकट्या. इस्त्रीची साडी, हातात पितळी कडीचा डबा. तीन जिने चढून आल्या पण श्वाससुद्धा वर नाही. ताप असलेली बाई अशी दिसत नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओले पाय, अर्धी बटणं, हातात बरणी.

म्हणाल्या, अहो, तुम्ही उठलात कशाला? पूर्णिमाने सांगितलं, तुम्हाला ताप आहे, उभं राहवत नाही, सगळे तुमच्या उशाशी बसलेत. दर रविवारी इथेच असतात, ते मी समजू शकते हो, पुरुष माणूस एकटा म्हणजे बघावंच लागतं. म्हटलं, आज आपणही मऊ खिचडी घेऊन जावं.

मग डबा या हातातून त्या हातात घेतला, टाचा उंचावून माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि विचारलं, पोरं कुठे आहेत?