बारा मिनिटं आधी

प्रिय वहीब,

पटकथा मिळाली. एका बैठकीत वाचली आणि वाचून झाल्यावर घरात बसवेना, म्हणून ते बाड छातीशी धरून तशीच बाहेर पडले. पन्नाशीची बाई, केस विस्कटलेले, त्रिपोलीच्या भर बाजारातून पळत चालली आहे, हे दृश्य तुझ्या सिनेमात नाही. घाल. लोकांना आवडेल, निदान माझ्या शेजारणींना तरी फार आवडलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तिसऱ्या वाक्याला तू "हियाम, एक मिनिट हं, दुसरा फोन येतोय" म्हणाला असतास आणि ते एक मिनिट सणापर्यंत चाललं असतं. म्हणून पत्र. माझी भाची नदा मंगळवारी दुबईला येते आहे, ती थेट तुझ्या हातात देईल. आत आणखी एक छोटं पाकीट आहे, चिकटवलेलं. ते मी सांगेन तेव्हाच फोडायचं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहिते: आत्ता नको, वहीब. ठेव खाली.

तू लिहितोस, गुरुवारी सही करायची आहे. एक तर तुझ्या वाहिनीच्या त्या निळ्या काचेच्या इमारतीतल्या सगळ्यात वरच्या खुर्चीसाठी, पाच वर्षं बांधून घेऊन. नाही तर सिनेमाला पैसा देणाऱ्यांच्या कागदावर, म्हणजे मग याच शरदात इथे येऊन चित्रीकरण. एकावर सही केली की दुसरं गेलं, आणि हे पैसेवाले काही पुन्हा दार वाजवणार नाहीत. आणि हे सगळं तू टाकलंस कोणावर? माझ्यावर! "फक्त एवढं सांग, शेवट खरा वाटतो का. वाटला तर येतो. नाही वाटला तर खुर्ची." वा रे साहेब! हजार माणसांना कामाला लावणारा, नटनट्यांना रडवणारा माणूस, आणि निकाल मागतो एका सदरलेखिकेकडे, जिचा स्वतःचा संपादकही तिचं ऐकत नाही.

थांब, आधी बातम्या ऐक, मला राहवत नाही. मीना बंदराकडच्या रस्त्यावरचं आपलं बंद सिनेमागृह उघडून घेतलं! आता ते गाद्यांचं गोदाम आहे. मालकाचा नातू म्हणाला, "बाई, गाद्या हलवणार नाही, प्रेक्षकांना त्यांच्यावरच बसवा." मी म्हटलं, अरबी सिनेमाला इतक्या आरामात आजवर कोणी झोपलं नसेल. हो म्हणाला. पडदा फाटलाय, पण आहे.

मग शेख मिस्बाहांकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत, मशिदीच्या पायरीवर उन्हात बसलेले असतात. पटकथेतला अजान देणारा मुअज्जिन कोण हे त्यांनी चौथ्या ओळीला ओळखलं. "माझं काम दुसरा कोणी करणार असेल तर मी मिनारावर चढून बसेन," म्हणाले. मी म्हटलं, "शेख, गुडघ्यांचं काय?" तर म्हणतात, "चढण्यापुरते आहेत. उतरण्याचं तुमच्या दिग्दर्शकानं बघावं." किल्ल्यावरही जाऊन आले. इफ्तारची तोफ उडवणारा सुभेदार आधी मला दारातही उभं करीना. तुझं नाव ऐकलं आणि हसत सुटला. "तो वहीब? ताई, परवानगी बैरूतहून आणावी लागेल. पण त्यांना म्हणावं, आमची तोफ वेळेवरच उडेल."

आणि तुझी आई. उम्म वहीबना मी फक्त त्यांचे प्रसंग वाचून दाखवले. त्या वांगी पोखरत होत्या, हात थांबला नाही. "माझं काम कोण करणार?" मी त्या नटीचं नाव सांगितलं. "ती? वांगं न फाडता पोखरता येतं का तिला? आधी विचार, मग घे म्हणावं." मग जरा वेळाने, खाली बघतच, "तो खरंच येतोय का गं?" मी म्हटलं, गुरुवारी कळेल. त्यांनी त्यानंतर तीन वांगी फाडली. फक्त सांगते आहे.

बघ, शहर तयार बसलंय. पण तू मला शेवट विचारला आहेस, त्यामुळे त्या संध्याकाळकडे यावंच लागेल.

पटकथेत तू ती फार छान लिहिली आहेस. अबू तौफीकच्या डिश-अँटेनाच्या दुकानावरची ती एक खोली, जिला तो 'वाहिनी' म्हणायचा आणि आपणही, न हसता, म्हणायचो. केबल ओढलेल्या चार मोहल्ल्यांत दिसायची, पण अबू तौफीकचा रुबाब असा की जणू चार खंडांत दिसते. तू कॅमेरा, तूच निवेदक, तूच झाडूवाला. मी इफ्तारआधीची पाच मिनिटं लिहायची, उपाशी लोकांना हसवण्याचं पुण्यकर्म. आणि भिंतीवर, यंत्राच्या शेजारी, मिठाईवाल्याने फुकट वाटलेलं हिरवं वेळापत्रक: रमजानचा कितवा दिवस, सूर्य किती वाजता मावळणार. त्यात बघायचं, वेळ झाली की कळ दाबायची, अजानची कॅसेट सुरू. सहाव्या रोजाला तू बघितलंस, कळ दाबलीस, आणि मगरिबची अजान बारा मिनिटं आधी झाली.

शेख मिस्बाहांचं घड्याळ दुरुस्तीला होतं, ते समोरच्या कॉफीवाल्याच्या टीव्हीकडे कान लावून होते. त्यांनी सुरू केली. त्यांचं ऐकून पुढच्या मशिदीने, तिचं ऐकून त्यापुढच्या. अर्ध्या शहराने खजूर तोंडात टाकला, सूप ओतलं, दुसरी वाटी घेतली, आणि मग किल्ल्यावरून तोफ उडाली. तुझं ते वाक्य मी तीनदा वाचलं: तोफ झाली तेव्हा शहराचं तोंड भरलेलं होतं. त्याच्यानंतरची शांतता मी कधी विसरले नाही. गिळावं की थुंकावं, हे एकाच वेळी इतक्या माणसांनी कधी ठरवलं नसेल.

पुढचंही सगळं खरं. जुम्म्याला शेखनी, स्वतःचा दोष आधी कबूल करून, सगळ्यांना एक रोजा भरून द्यायला सांगितलं. अबू तौफीकने तुला भर रस्त्यात, दुकानाच्या पायरीवर उभा करून काढून टाकलं. आणि मग ते टोमणे! भर दुपारी केशकर्तनालयातून, भाजीच्या गाडीमागून: "ए वहीब, झाली का रे अजान? जेवू का?" एकटी तुझी आई पुरून उरली. "माझ्या पोराने शहराला बारा मिनिटं आधी जेवू घातलं. तुमच्या पोरांनी आजवर कोणाला काय घातलं?" दहा दिवसांनी तू बैरूतच्या टॅक्सीत बसलास. काच खाली करून मला म्हणालास, येतेस का? मी हसले. तू ते हसणं पटकथेत घेतलं आहेस, आणि शेजारी लिहिलं आहेस, 'तिला त्याची कीव येते.' नाही रे. त्यावर येतेच.

मग तुझी ती घोडदौड. मी सगळी दुरून बघितली आणि खूपदा टाळ्या वाजवल्या, घरात, एकटीने. आधी कॅसेटींच्या कोठारात नोंदी करणारा, मग जाहिरातींच्या तुकड्यांचा, मग रमजानच्या मालिकांचा सर्वेसर्वा. तीस दिवस, तीस भाग, आणि पंधराव्याला नायिकेची गेलेली स्मृती एकोणतिसाव्याला परत आणायचीच, असा अलिखित कायदा करणारा तू. तुझ्या वाहिनीवर लोक घड्याळं लावतात म्हणे. मधल्या काळात केलेले दोन लघुपट मात्र त्या सगळ्याहून चांगले होते, हे मी छापूनही आणलं होतं. आणि ती दोन घड्याळं! दोन्ही मनगटांवर एकेक. मुलाखतींत विचारतात तेव्हा तू म्हणतोस, 'सवय.' मासिकं त्याला शिस्त म्हणतात. एकाने तर 'अरब टीव्हीची नवी वक्तशीरता' असा मथळा दिला. मी तो कापून ठेवलाय, आणि तो बघून मला कधी हसू आलेलं नाही, जे माझ्या धंद्यात फार वाईट लक्षण आहे.

कारण मला माहीत आहे ती घड्याळं कशाची आहेत. दर सिनेमाच्या वेळी तू शेवटच्या क्षणी माघार घेतलीस. पहिल्यांदा संहिता कच्ची, मग नट मिळेना, मग हवामान. एकदाच खरं लिहिलंस: "माझ्या नजरेवर माझा भरवसा नाही, हियाम. मालिकेत दहा माणसं तपासतात. सिनेमात मी एकटा बघणार." आणि आता पटकथेचा शेवट: म्हातारा नायक त्या खोलीत परत येतो, भिंतीवरच्या हिरव्या कागदासमोर उभा राहतो, आकडे धूसर होतात, तो डोळे पुसतो, पुन्हा धूसर होतात. त्याला कळतं की त्या दिवशीही आपल्याला नीट दिसलं नव्हतं.

विचारलंस ना? सांगते. शेवट खोटा आहे. साफ खोटा. आणि तरीही तुला खुर्चीवर बसायचं नाही. आता ते छोटं पाकीट फोड.

तोच कागद आहे. भिंतीवरचा. हिरवा, वर मिठाईवाल्याचं नाव, खाली मशिदीचं चित्र, दरवर्षी सारखाच छापायचा तो कंजूष. आता कोपऱ्यातलं साल बघ, बारीक आहे, चष्मा लाव. आदल्या वर्षीचा आहे. पाचव्या रोजाला, अजान होऊन गेल्यावर, माझ्या हातून खऱ्या कागदावर खजुराचं सरबत सांडलं. तो वाळत घातला आणि तोवर म्हणून घरच्या स्वयंपाकघराच्या दारावरचा काढून आणून लावला. तोही हिरवाच. रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतो, सूर्य काही आपल्याबरोबर सरकत नाही, हे दुधपित्या पोरालाही माहीत असतं; त्या जुन्या कागदावर सहाव्या रोजाची वेळ बारा मिनिटं आधीची होती. मला तो लावताना सुचलं नाही. सूप ओतत होते, तोफ ऐकली, आणि सुचलं. मागच्या गल्लीतून पळत आले. तू गच्चीवर जाऊन सूर्य बघत उभा होतास, खरंच बुडाला का म्हणून. मी कागद काढला, बॅगेत घातला, वाळलेला खरा कागद लावला. अबू तौफीक तोंडातला घास घेऊन वर आला तेव्हा भिंतीवर बरोबर वेळ होती आणि तू तिच्यासमोर उभा राहून पुन्हा पुन्हा वाचत होतास. सकाळी सांगेन म्हटलं. सकाळी लोक हसायला लागले होते. पुढच्या आठवड्यात मी त्यावर लेख लिहिला, आठवतो ना, ज्याने माझं नाव झालं. वीस वर्षं मी या शहरातल्या प्रत्येक ढोंगी माणसाची सालं काढते आहे आणि लोक म्हणतात, हियामला कोणाची भीती नाही. टॅक्सीच्या काचेतून तू विचारलंस तेव्हा मला कीव आली नव्हती. या कागदासह तुझ्याबरोबर राहता येणार नव्हतं आणि तो टाकताही येत नव्हता. गुरुवारी सही करण्याआधी पटकथेतला माझा प्रसंग पुन्हा लिही, दया करू नकोस, आणि नटी नको, ते काम मीच करेन, शेख मिस्बाहांच्या शेजारी, सगळ्या गावासमोर, आधी तुझ्या आईची माफी मागून. त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. पण एक घड्याळ काढ. तू नीट बघितलं होतंस, वहीब. समोर जे लिहिलं होतं ते तू अगदी बरोबर वाचलंस.

तू ठेवशील तर तुझीच,
हियाम